दातांचा खर्च एकदम झेपत नसेल तर: आधी काय, मग काय

मावशीच्या चष्म्याच्या डबीत मला एक कागद सापडला. चार घड्या घातलेला, घडीवर विरत आलेला. दातांच्या दवाखान्याने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज होता तो. सात ओळी: एका दाढेचं रूट कॅनाल, त्याच दाढेवर कॅप, दोन दातांत फिलिंग, एक मोडकी दाढ काढणे, हिरड्यांची सफाई, पुढच्या काळपट दातावर कॅप आणि पूर्वी पडलेल्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला कृत्रिम दात. सगळ्यात खाली बेरीज, तिच्याखाली दोन रेघा. तारीख दीड वर्षापूर्वीची.

"तो आकडा बघितला आणि परत गेलेच नाही," मावशी म्हणाली. "पैसे साठले की जाईन, असं ठरवलं होतं."

पैसे साठले नाहीत. ज्या दोन दातांचं साध्या फिलिंगवर भागलं असतं, त्यांतल्या एकाची कीड मधल्या काळात पार आत पोचली. मला जास्त वाईट वाटलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीचं. त्या सात कामांपैकी दोन खरोखर तातडीची होती. तीन पुढच्या काही महिन्यांत एकेक करून उरकता आली असती. दोन तर कधीच केली नसती तरी मोठं बिघडलं नसतं. पण कागदावर सगळी एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहिलेली होती आणि त्यांचा क्रम कुणी सांगितला नव्हता. मावशीला वाटलं, एक तर सगळं करायचं, नाहीतर काहीच नाही.

असे कागद घराघरांत पडून असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे आणि त्यांतल्या सुमारे २०० कोटींच्या कायमच्या दातांना कीड आहे. म्हणून हा क्रम कसा लावायचा, ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत लिहिते आहे.

दात आतून कसा असतो आणि खर्च कुठे उडी मारतो

दाताला तीन थर असतात. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरात याहून कठीण काही नाही, पण ते जिवंत नसतं, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. त्याखाली दंतिन, जरा मऊ आणि पिवळसर. त्याच्या गाभ्यात नस आणि रक्तवाहिन्या.

गळक्या छपराचं उदाहरण घ्या. एक कौल सरकलं, तेव्हा ते बसवायला अर्धा तास लागतो. दुर्लक्ष केलं तर पाणी वाशांपर्यंत जातं आणि मग वासे बदलावे लागतात. तरीही बघितलं नाही, तर भिंतीच खचतात. पाऊस तोच, पण दुरुस्तीचं बिल प्रत्येक टप्प्यावर एकदम वर जातं.

दातांचं तसंच आहे. अगदी सुरुवातीला इनॅमलवर खडूसारखा पांढुरका डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइडने कीड थांबवता येते, कधीकधी मागेही फिरवता येते. कवच फोडून कीड दंतिनात गेली की फिलिंग करावं लागतं. नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल, म्हणजे आतली खराब झालेली नस काढून, पोकळी स्वच्छ करून ती बंद करणं. त्यावर कॅप, म्हणजे दाताला झाकणारं टोपण. तेही हुकलं तर दाढ काढावी लागते आणि तिच्या जागी काही बसवायचं ठरलं तर खर्च पुन्हा चढतो. कीड इनॅमलमध्ये सावकाश चालते आणि दंतिनात शिरली की तिचा वेग वाढतो. त्यामुळे "एवढासाच तर खड्डा आहे" ही समजूत महागात पडते. वरून तांदळाएवढं दिसणारं भोक आतून बरंच पसरलेलं असू शकतं.

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मावशीचीही दाढ आठवडाभर ठणकली, रात्री झोप लागू देईना. मग एक दिवस ठणका आपोआप गेला आणि तिने देवाचे आभार मानले. प्रत्यक्षात त्या दिवशी दाढेतली नस मेली होती. दुखणं पोचवणारी तारच तुटली, म्हणून शांत वाटलं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहिले. काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी आली, दाबली की खारट पाणी येई. दुखत नाही म्हणून तिने तिच्याकडेही लक्ष दिलं नाही.

अँटिबायोटिकच्या गोळ्यांचंही असंच होतं. गोळी रक्तातून पोचते आणि मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसतो. आसपासची सूज उतरते, चार दिवस बरं वाटतं, पण जंतूंचं मूळ घर तसंच राहतं. दर दोन-तीन महिन्यांनी गोळ्यांचा कोर्स घेऊन दिवस ढकलणाऱ्या माणसाचे पैसे तर जातातच, शिवाय दातही जातो. गोळ्यांची खरी गरज असते ती सूज पसरायला लागली, ताप आला अशा वेळी, आणि तेव्हाही आतली घाण काढण्याला त्या पर्याय नसतात.

एक गोष्ट मात्र पैशांचा विचार न करता लक्षात ठेवा. दातामुळे गाल सुजला आणि ती सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकू लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तोंड उघडत नाही, सोबत ताप आहे, तर दातांच्या दवाखान्याची वेळ ठरवत बसू नका. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. २००७ साली अमेरिकेत मेरीलँडमधला एक १२ वर्षांचा मुलगा किडलेल्या दातातून मेंदूपर्यंत पसरलेल्या जंतुसंसर्गाने दगावला. त्याचा दात वेळेवर निघाला असता तर तो वाचला असता. असं क्वचितच होतं, पण होतं.

कागदावरच्या ओळींना नंबर द्या

तुमच्या हातात असा कागद असेल तर पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर एक ते चार यांपैकी एक आकडा लिहा. आकडे डॉक्टरांना विचारूनच लिहायचे, पण विचारायचं काय ते आपल्याला माहीत हवं.

एक नंबर जंतुसंसर्गाला आणि असह्य दुखण्याला. पू, सूज, मुळाशी गळू, रात्रीची झोप उडवणारा ठणका. ही कामं थांबू शकत नाहीत.

दोन नंबर कीड आणि हिरड्यांचा आजार जिथे आहे तिथे रोखण्याला. यात लहान-मोठी फिलिंग येतात आणि हिरड्यांची सफाई येते. लोक नेमकी हीच कामं पुढे ढकलतात, कारण इथे दुखत नसतं. माझ्या मते तंगीत सगळ्यात जास्त फळ देणारा पैसा इथे घातलेला असतो. आज फिलिंगवर भागणारा दात उद्या रूट कॅनालच्या ओळीत जाऊन बसतो.

तीन नंबर चावण्यासाठी लागणाऱ्या कामांना. कॅप, कवळी, पडलेल्या दातांच्या जागी काहीतरी. इथे पर्याय अनेक असतात आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चार नंबर दिसण्याला. दात पांढरे करणं, पुढच्या दाताचा रंग जुळवणं, किंचित वाकडे दात सरळ करणं. दिसणं क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. समोरचा दात काळा असलेला माणूस हसताना तोंडावर हात धरतो, नोकरीच्या मुलाखतीत कमी बोलतो, हे मी पाहिलं आहे. पण हे काम सहा महिने थांबलं तरी तेवढंच राहतं. दोन नंबरचं काम थांबलं तर वाढतं.

सफाईबद्दल एक शंका हमखास येते. "सफाई केली की दात हलायला लागतात, फटी पडतात." होतं असं की हिरड्यांखाली साचलेल्या दगडासारख्या थरामुळे हाड आधीच झिजलेलं असतं आणि तो थरच दातांना बांधून धरल्यासारखा वाटतो. थर निघाला की आधीपासून असलेली फट दिसते. थर तसाच ठेवला तर हाड झिजत राहतं आणि एक दिवस न किडलेला, चांगला दात हातात येतो.

दाढ काढूनच टाकली तर कायमचा प्रश्न मिटेल ना?

कधी मिटतो, कधी नाही. दाढ काढणं आज रूट कॅनालपेक्षा खूपच स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण मधली दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेत झुकतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू त्या जागेकडे सरकून लांब दिसू लागतो, फटीत अन्न अडकतं आणि शेजारच्या दाताला नवी कीड लागते. आजची बचत काही वर्षांनी दुसऱ्या दारातून बाहेर जाते.

तरीही दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती कमी सांगितली जाते. प्रत्येक पडलेल्या दाढेच्या जागी काही बसवलंच पाहिजे असं नाही. १९८० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातले आर्न्ट कायझर यांनी दाखवून दिलं की पुढचे दात आणि त्यांच्या मागच्या उपदाढा शाबूत असतील तर पुष्कळ माणसांचं चावणं पुरेसं होतं, मागच्या दाढा नसल्या तरी. साधारण २० चांगले दात टिकले तर माणूस बऱ्यापैकी खाऊ शकतो. जपानने १९८९ मध्ये हाच आकडा धरून "८० व्या वर्षी २० दात" अशी देशव्यापी मोहीम सुरू केली.

म्हणून सगळ्यात मागची दाढ किंवा अक्कलदाढ खराब झाली असेल, समोर चावायला जोडीदार दात नसेल, किंवा दाढ हिरडीखाली मोडली असेल, तर ती काढणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. त्यात हार नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: "ही दाढ गेली तर माझ्या चावण्यात काय फरक पडेल? आणि वाचवली तर किती वर्षं टिकेल असं तुम्हाला वाटतं?" दोन वर्षं टिकेल अशा दाढेवर कर्ज काढू नये.

रूट कॅनाल आणि कॅप हे एकच बिल समजा

ही चूक फार होते. रूट कॅनाल झालं, ठणका गेला, पैसे संपले, कॅप "नंतर बघू". रूट कॅनाल करताना दाताचा बराच भाग कोरून निघालेला असतो. उरतात त्या पातळ भिंती, आणि दाढेवर चावण्याचा जोर तर सगळ्यात जास्त. एके दिवशी काहीतरी कडक चावताना दाढ उभी चिरते आणि तशी चिरलेली दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रूट कॅनाल झालेले पण कॅप न बसवलेले दात कॅप असलेल्यांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेल्याचं दिसलं.

म्हणजे रूट कॅनालचा दर विचारताना कॅपसकट विचारायचा. दोन्ही झेपत नसेल तर दाढ काढणं बरं की वाचवणं बरं, हा विचार आधी करायचा, अर्धे पैसे घातल्यावर नाही. आणि कॅपला दोन-तीन महिने लागणारच असतील, तर दाढेचे उंचवटे झाकणारं भक्कम फिलिंग तात्पुरतं करून मिळेल का ते विचारा. पुढच्या दातांना हा नियम इतका कडक नाही. त्यांच्यावर जोर कमी असतो आणि दात फारसा मोडलेला नसेल तर अनेकदा कॅपशिवाय चालतं.

स्वस्त म्हणजे कमी प्रतीचं का?

कुठल्या गोष्टीत स्वस्त, ते बघायला हवं. निर्जंतुक केलेली हत्यारं, हातमोजे आणि काम येणारा माणूस यांत काटकसर नको. बाकी पुष्कळ ठिकाणी काटकसरीला जागा आहे.

कॅपचंच घ्या. पूर्ण धातूची, आत धातू आणि वर चिनी माती असलेली, झिर्कोनिया या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची असे प्रकार येतात. मागच्या दाढेवर, जी बोलताना-हसताना दिसतही नाही, तिथे धातूची कॅप उत्तम काम देते. ती मजबूत असते आणि पातळ बनत असल्यामुळे दात कमी घासावा लागतो. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी सांगा. पडलेल्या दातांच्या जागी इम्प्लांट, शेजारच्या दातांना धरून बसवलेला ब्रिज किंवा काढता-घालता येणारी कवळी, असे तीन मार्ग असतात. कवळीची सवय व्हायला वेळ लागतो, पण चावता येतं, आणि पुढे पैसे आल्यावर दुसरा मार्ग बंद होत नाही. ब्रिजचं तसं नाही. त्यासाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात आणि घासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही.

कीड थांबवण्याचे कमी खर्चाचे मार्गही आहेत आणि ते गरिबांसाठीची तडजोड म्हणून हिणवण्यासारखे नाहीत. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत विकसित झाली: ड्रिल नाही, वीज नाही, फक्त हातातल्या हत्यारांनी मऊ झालेली कीड काढायची आणि ग्लास आयोनोमर नावाचं, फ्लोराइड सोडणारं सिमेंट भरायचं. एकाच बाजूला असलेल्या लहान खड्ड्यांत ते चांगलं टिकतं. दुसरा मार्ग सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रवाचा. किडलेल्या जागी हा द्रव लावला की कीड थांबू शकते. सुई नाही, ड्रिल नाही. तोटा एवढाच की ती जागा कायमची काळी पडते. लहान मुलांचे पडायला आलेले दुधाचे दात किंवा म्हाताऱ्या माणसांच्या मागच्या दाढा यांना तो काळेपणा कोण विचारतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट, हा द्रव आणि फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तुमच्या डॉक्टरांकडे हे मिळतं का, विचारून बघा.

आणि डेंटल कॉलेज. तिथे विद्यार्थी काम करतात, प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, म्हणून खर्च कमी असतो. किंमत मोजावी लागते ती वेळेची. खासगी दवाखान्यात एका बैठकीत होणारं काम तिथे तीन-चार फेऱ्या घेतं, आणि ज्याची रोजंदारी बुडते त्याने ती बुडालेली मजुरीही खर्चात धरावी. जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: किती फेऱ्या लागतील, आणि मध्येच परीक्षा किंवा सुट्टी आली तर माझं काम कोण पुरं करणार.

"पैसे कमी आहेत म्हटलं तर डॉक्टर कामचलाऊ करतील"

ही भीती खरी आहे. लाजही असते. खुर्चीत आडवं पडलेलं, तोंडात नळी, डोळ्यांवर दिवा, अशा अवस्थेत पैशांची गोष्ट काढणं कुणालाही जड जातं. म्हणून ती खुर्चीत बसण्याआधी काढायची.

मावशीबरोबर मी दुसऱ्या एका दवाखान्यात गेले, तेव्हा आम्ही सुरुवातीलाच म्हटलं, "डॉक्टर, या महिन्यात आमच्याकडे एवढेच पैसे आहेत. सगळं एकदम जमणार नाही. कुठलं काम थांबवलं तर धोका आहे आणि कुठलं थांबवलं तरी चालेल, तेवढं सांगा." डॉक्टरांनी जुना कागद टेबलावर पसरला, एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि पेनाच्या टोकाने मुळाशी असलेली काळी सावली दाखवली. "हे आधी," ते म्हणाले. पाच मिनिटांत सात ओळींची उतरंड लागली. पहिल्या दवाखान्याने आम्हाला फसवलं होतं असं मला वाटत नाही. त्यांनी आदर्श तोंडाचा आराखडा दिला होता, आमच्या खिशाला धरून क्रम लावायचा राहून गेला होता.

काम खरंच गरजेचं आहे का अशी शंका असेल तर एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. प्रत जवळ असली की एक्स-रे पुन्हा काढायचा खर्च बहुधा वाचतो. पहिला अंदाज दाखवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना स्वतंत्रपणे तपासू द्यावं. दोघांनी एकाच दाताकडे बोट दाखवलं तर शंका मिटते. आणि दुखत नसताना, सूज नसताना, "आजच्या आज सगळं करून टाका, उद्या दर वाढेल" असं कुणी म्हणत असेल तर कागद घेऊन घरी या.

दातांचं बिल वेगळंच का येतं?

हात मोडला तर अनेक देशांत सरकारी व्यवस्था किंवा विमा खर्च उचलतो, दाढ मोडली तर आपण एकटे. दात काय शरीराबाहेर असतात? यामागे इतिहास आहे. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं, तेच मुळी वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळं. शिक्षण वेगळं, दवाखाने वेगळे, मग पैशांच्या व्यवस्थाही वेगळ्या झाल्या. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेत दातांचे उपचार मोफत केले आणि वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेल्या माणसांची झुंबड उडाली. तीन वर्षांत, १९५१ मध्ये, कवळ्यांवर शुल्क आलं. त्या निर्णयावरून, ज्यांनी ती सेवा उभी केली ते अन्युरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी इतर दंतोपचारांवरही शुल्क लागलं. आजही श्रीमंत देशांत एकूण आरोग्यखर्चात दातांचा वाटा सरासरी ५ टक्केच असतो, पण लोक स्वतःच्या खिशातून जो आरोग्यखर्च करतात त्यात तो २० टक्क्यांच्या घरात जातो. दाताचं बिल भरताना हात आखडत असेल तर त्यात तुमचं नियोजन चुकलं असं समजू नका.

विमा का पुरत नाही, हेही यातूनच कळतं. आगीचा विमा चालतो कारण हजार घरांत एखादंच जळतं. दातांची दुरुस्ती जवळजवळ प्रत्येकालाच लागते, मग कंपनी स्वतःला वाचवण्यासाठी अटी घालते: वर्षाला अमुक रकमेपर्यंतच, मोठ्या कामासाठी आधी काही महिने थांबा, आधीच पडलेल्या दाताला काही नाही. वर्षाचा हप्ता आणि वर्षाची कमाल मर्यादा शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांत फार अंतर नसेल तर तो विमा म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. आधीपासून विमा असेल, तर मोठी कामं दोन वर्षांत विभागली की दोन्ही वर्षांची मर्यादा वापरता येते.

हप्त्यांनी करायचं का?

दवाखानाच थेट हप्ते देत असेल तर ते सगळ्यात बरं, विशेषतः काम होईल तसे पैसे अशा बोलीवर. संपूर्ण तोंडाच्या कामाचे सगळे पैसे आधी भरू नका. दवाखाना बंद पडला, डॉक्टर बदलले, किंवा तुम्हालाच काम पटलं नाही, तर ते परत मिळवताना दमछाक होते.

वित्त कंपनीमार्फत "बिनव्याजी" हप्ते असतील तर तीन गोष्टी लेखी विचारा. प्रक्रिया शुल्क किती? रोख दिले तर किंमत कमी होते का? आणि एखादा हप्ता चुकला तर काय? काही करारांत ठरलेल्या मुदतीत एक रुपया जरी उरला तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज सगळ्या रकमेवर लागतं. अशा करारावर सही करताना आपल्या घरात मागच्या वर्षी किती महिने अचानक ओढाताण झाली, ते आठवून बघा. कर्ज एक नंबरच्या कामासाठी काढायला माझी हरकत नाही. चार नंबरच्या कामासाठी काढू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

हातात काहीच नसेल तेव्हा

सरकारी रुग्णालयांत दात काढणं आणि तातडीचं दुखणं बघणं बऱ्याच ठिकाणी नाममात्र शुल्कात किंवा मोफत होतं. मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी वेगळी सवलत असते का, ते विचारायला लाजू नका. आणि वाट बघण्याच्या काळात कीड वाढू न देणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

फ्लोराइडची पेस्ट, १,००० ते १,५०० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत फ्लोराइडचे इतके भाग). हा आकडा डबीवर छापलेला असतो, महागड्या पेस्टची गरज नाही. रात्री झोपताना घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचं संरक्षण घटतं. घासल्यावर फेस थुंका, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. गोड किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता याला महत्त्व आहे. प्रत्येक वेळी तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते ओसरायला साधारण अर्धा तास लागतो. दिवसभर थोडं थोडं गोड पीत राहिलं तर दातांना सावरायला उसंतच मिळत नाही.

कॅप निघून पडली तर फेकू नका, छोट्या डबीत जपून न्या. दात आणि कॅप चांगली असेल तर तीच परत बसवता येते आणि नवी करण्याचा खर्च वाचतो. ती स्वतः घरातल्या गोंदाने चिकटवू नका. दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरण्याची सवय अनेकांना असते, त्याने हिरडी भाजते. गोळी गिळायचीच असते, आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर कुठली गोळी चालेल ते आधी विचारून.

मावशीची मोडकी दाढ पहिल्याच आठवड्यात काढली. ठणकून थांबलेल्या दाढेचं रूट कॅनाल त्याच महिन्यात झालं आणि पुढच्या महिन्यात तिच्यावर धातूची कॅप बसली. नंतर सफाई आणि एक फिलिंग. दुसऱ्या दाताला मात्र दीड वर्षाच्या उशिरामुळे रूट कॅनाल लागलं, ते डेंटल कॉलेजात पाच फेऱ्यांत पुरं झालं. कॅपही तिथेच बसली. इम्प्लांटच्या ओळीवर तिने स्वतः रेघ मारली, दुसऱ्या बाजूने नीट चावता येतं म्हणते. पुढच्या काळपट दाताची ओळ तशीच ठेवली आहे. त्यासाठी ती दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकते, आणि तो कागद अजून चष्म्याच्या डबीतच आहे.